उजेडाची बिल्लस

नागपूर
२८ जून १९८५

रुपराव,

बहिणीनं कागद हाती घेतला म्हणजे काही काम असल, हे तुले समजलंच असल. आशीर्वाद घे अन् पुढं वाच.

आपल्या गिरणी कामगारांच्या घरांच्या लाईनीत युवक केंद्र आहे, मोठा हॉल अन् समोर अंगण. महिला मंडळानं संध्याकाळचा पोट्ट्यांचा तास माझ्याकडे दिला, त्याले बरीच वर्षं झाली. मी दुसरी शिकलेली बाई, मले कवायत येत नाही. पण लगोरी, लंगडी, चौकोन आखून उड्या मारायची बिल्लस, हे मी त्यांच्याकडून खेळून घेत होती. आवाज इतका व्हायचा की चौकातला पानवाला शिव्या द्यायचा. गेल्या दिवाळीत वर्गणी करून हॉलमधे टीव्ही आणला, तवापासून पानवाला खुश आहे. पोट्टे येतात, सतरंजीवर बसतात, अन् कपाशीवर फवारणी कशी करायची हे सांगत असले तरी तोंड उघडं टाकून पाहतात. काहीच लागलं नसलं तर पडद्यावरच्या मुंग्या पाहतात. मी अंगणात चौकोन आखून एकटीच उभी राहते. लाईनीतल्या भीमाबाईचा पोट्टा परवा बस पकडाले पळाला, तर चौकापर्यंत बी गेला नाही. कंबर धरून खाली बसला.

आता खरी गोष्ट. केंद्राचे अध्यक्ष नानाजी म्हणतात, लेकरं खेळाले येत नाहीत तर जागा रिकामी काहून ठेवायची? त्यांचा भाचा बळीराम व्हिडिओ घेऊन राहिला. रोज संध्याकाळी हॉलमधे तिकीट लावून सिनेमा दाखवणार. दसरा झाला की सभा, अन् सभेत ठराव. ठराव झाला की माझा तास गेला. तो मी जाऊ देणार नाही.

उन्हाळ्यात सीताबर्डीवर प्रदर्शनी लागली होती. तिथं एक पेटी होती. आत उजेडाचा ठिपका पळते, पोट्टे बटणं दाबून त्याले टिपतात. ही रांग लागली होती. बोटं नाचत होती अन् बाकी अंग ढिम्म. मले तिथंच वाटलं, पोट्ट्यांले उजेड पाहिजे, अन् आपण काही केलं की उजेडानं जबाब दिला पाहिजे. मग तो उजेड जमिनीवर काहून आणू नये? बिल्लसच्या चौकोनात दिवा. दिवा लागला की त्यावर उडी, उडी बसली की घंटी.

तू पॉवर हाऊसचा वायरमन, सगळ्या कॉलनीचे पंखे दुरुस्त करतोस. मले हे यंत्र बनवून दे. येत्या रविवारी ये अन् जागा पाहून जा.

रंभाबाई


कोराडी
११ जुलै १९८५

बाई,

पाया पडतो. तुझी कल्पना मला फार आवडली. रविवारी येणं जमलं नाही, ड्यूटी होती.

एक गोष्ट आधी ऐक. घरची वीज या खेळात आणू नकोस. पावसाळ्यातली ओली जमीन, अनवाणी लेकरं. ती वीज माणसाला धरली की सोडत नाही. त्यापेक्षा एक सायकल मिळव. तिचं मागचं चाक स्टँडवर उचलून घ्यायचं आणि चाकाला डायनॅमो लावायचा. एकानं पॅडल मारलं की बाकीच्यांना दिवा मिळतो. त्याचा झटका मुंगी चावल्याइतकाही लागत नाही.

फळ्या मी इथे तयार करतो. प्रत्येक फळीत जाड काचेखाली एक छोटा बल्ब आणि फळीखाली स्प्रिंग. जुन्या रेडिओचं एक गोल बटण माझ्याकडे आहे. ते फिरवणारा ठरवील कोणत्या फळीचा दिवा लागेल ते. त्याच फळीवर उडी बसली तर घंटी वाजेल, दुसरीवर बसली तर वाजणार नाही. सगळं बसने पाठवतो. जोडायचं कसं त्याचं चित्र काढून देतो, तिथला कोणीही जोडील. मी आलंच पाहिजे असं नाही.

तुझा
रुपराव


नागपूर
६ ऑगस्ट १९८५

रुपराव,

कोराडीले जाऊन तुझी भाषा धुतली गेली. 'कल्पना' म्हणे. अख्ख्या मुलखाले वीज पुरवणाऱ्या गावात राहतोस, अन् बहिणीले सायकलचा दिवा. असो. गरज माझी आहे.

गठ्ठा पोचला. कंडक्टर विचारत होता, बाई, पाट दिसतात, लग्न कोणाचं? म्हटलं, नानाजीचं लावून राहिली.

तुझ्या भाऊजीची सायकल छपराले टांगलेली होती. ते गेल्यावर तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. उतरवली, पुसली, तेल दिलं. चौकातल्या रेडिओवाल्यानं तुझं चित्र उलटं-सुलटं धरून एकदाचं जोडून दिलं. संध्याकाळी फळ्या अंगणात मांडल्या. एक पोट्टा पॅडलवर अन् एक पोट्टी बटणावर बसवली. पहिला दिवा लागला अन् घंटी वाजली तवा हॉलमधे एक मान वळली. मग दोन वळल्या. मग सतरंजीच्या मागच्या बाजूनं एकेक जण घसरत घसरत बाहेर. बातम्या संपेपर्यंत टीव्हीसमोर एकटे नानाजी उरले होते. दुसऱ्या दिवशी पॅडल कोणी मारायचं यावरून मारामारी झाली. मी ज्या पोट्ट्यांले उठ म्हणून थकली होती, त्यांले आता खाली बस म्हणून राहिली. पानवाल्यानं परत शिव्या द्यायले सुरुवात केली. मले बरं वाटलं.

पण तारा वारंवार सुटतात. रेडिओवाला म्हणते, ज्यानं बनवलं त्याले बोलवा. मी तुले निरोपावर निरोप पाठवले, दर वेळी तुझी ड्यूटी. इथून तिथं काही काशी नाही, बसनं पोचून दुपारच्या जेवणाले परत जाता येते. तू कॉलनीचा साहेब झालास, लाईनीत यायची तुले लाज वाटते, असं असल तर तसं लिही. मी रागवीन, पण समजीन.

रंभाबाई


कोराडी
१९ ऑगस्ट १९८५

बाई,

पाया पडते. हे मी त्यांच्या मागं लिहून राहिली. तुमचं पत्र त्यांनी वाचलं, घडी करून उशीखाली ठेवलं अन् त्या दिवशी जेवले नाहीत.

ते साहेब झाले नाहीत. एप्रिलमधे शेजारच्या लग्नाच्या मांडवात दिवे लावून देत होते. तिथं त्यांना वीज लागली. हात तारेलेच चिकटून राहिला. एका म्हाताऱ्यानं लाकडानं मारून सोडवला. तुम्हाले कळवू नको म्हणून मले शपथ घातली होती. हात बरा झाला. पण तवापासून घरातला दिवा मी लावते अन् पंख्याचं बटण पोरगी दाबते. ड्यूटीवर त्यांनी स्टोअरमधे बसायचं मागून घेतलं. तिथं नट-बोल्ट देतात अन् सांजेले घरी येऊन भिंतीकडे पाहत बसतात.

तुमच्या फळ्या मात्र रोज अंगणात बसून केल्या. करवत चालवत होते, खिळे ठोकत होते, मले चहा मागत होते. एप्रिलपासून त्यांनी चहा मागितला नव्हता. मी म्हटलं, जा ना बाईकडे एकदा. तर म्हणतात, गेलो की बाई म्हणेल, आलाच आहेस तर हॉलचा पंखा पाहून दे.

तुम्ही म्हटलंच असतं. म्हणून लिहिलं. त्यांना रागवू नका.

सत्यवती


नागपूर
१८ सप्टेंबर १९८५

रुपराव,

सत्यवतीनं मले सगळं लिहिलं. तिले काही बोलशील तर मी तिथं येऊन उभी राहीन. बहिणीपासून लपवलं त्याचं भांडण भेटीवर करू. मी पंखा पाह्य म्हटलं असतं हे खरं आहे. आता म्हणणार नाही. तुझी कीव कराले मले सवड नाही, कारण इकडं घात झाला.

रविवारी तान्हा पोळा होता. लाईनीतले सगळे लेकरं लाकडी बैल सजवून केंद्राच्या अंगणात आले, मागं त्यांच्या आया. मी म्हटलं, आयांले दाखवायले हाच मोका. फळ्या मांडल्या, सायकल सुरू केली. पोट्टे उड्या मारू लागले. तर भीमाबाई मधात येऊन उभी. म्हणे, दिव्यावर पाय? घरी सांजवात लावून हात जोडतो अन् इथं लेकरांच्या हातून लक्ष्मी तुडवून घेता?

मी म्हटलं, भीमाबाई, हा सायकलचा दिवा आहे वं. सायकलच्या दिव्याले कोण हात जोडते? ती म्हणे, मी जोडते. अन् रुपराव, ती खरंच जोडते. संध्याकाळी रस्त्यावरचा खांब लागला तरी ती थांबून हात जोडते, मी रोज पाहते. मी बी जोडते, फक्त चालता चालता.

दुसऱ्याच दिवशी तिच्या पोट्टीले, पंचफुलाले, ताप आला. झालं. पोळ्याच्या दिवशी दिवसभर भिजली तर ताप येईलच. पण आधी पोट्ट्या बंद झाल्या, मग पोट्टे बंद झाले. सगळे परत सतरंजीवर. नानाजी म्हणतात, मी काही बोलत नाही, पण लोकांच्या भावना आहेत. हेच नानाजी विडी पेटवून जळती काडी चपलेखाली विझवतात. तवा त्यांची भावना कुठं जाते कोण जाणे.

सभा दसऱ्यानंतरच्या रविवारी आहे. अंगण रिकामं दिसलं तर बळीरामचा व्हिडिओ आलाच समज. डोकं चालव अन् लवकर लिही.

रंभाबाई


कोराडी
२६ सप्टेंबर १९८५

बाई,

सत्यवतीनं लिहिलं ते बरंच झालं. मला ते लिहिणं जमलं नसतं.

भीमाबाई चुकली असं मला म्हणवत नाही. फळी तयार करताना इथे शेजारच्या पोराची सायकल लावून पाहिली होती. पहिला दिवा लागला तेव्हा मीही हात जोडले. बऱ्याच दिवसांनी माझ्या हातानं दिवा लागला होता. त्यावर पाय पडणार आहे हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. आम्ही वायरमन लोक, दिवा लागला की आमचं काम संपलं असं समजतो.

उपाय आहे. बल्ब फळीतून काढायचे आणि प्रत्येक फळीमागे बांबू रोवून त्यावर वर बसवायचे. पण तारा सगळ्या नव्याने ओढाव्या लागतील. फळ्या परत पाठव. सभेपर्यंत होईल की नाही, सांगता येत नाही. प्रयत्न करतो.

रुपराव


नागपूर
१४ ऑक्टोबर १९८५

रुपराव,

फळ्या पाठवत नाही. बांबू-बिंबू काही नको. काम झालं.

कसं झालं ते ऐक. मागच्या आठवड्यात गठ्ठा बांधायले फळ्या अंगणात काढल्या. बांधायच्या आधी एकदा दिवे लागतात का पाहावं म्हणून मीच सायकलवर बसली. हसू नको. तवढ्यात पंचफुला आली, तीच ताप आलेली. बटण तिनं स्वतःच फिरवलं अन् धावत जाऊन दिव्यावर उडी मारली. घंटी वाजली. मग खाली वाकली, फळीले हात लावला, हात कपाळाले लावला. वहीले पाय लागला की आपण लावतो ना, तसा. परत बटणाकडे पळाली, दुसरा दिवा, परत उडी, परत वाकून नमस्कार. शेवटच्या फळीपर्यंत पोट्टी लालबुंद झाली अन् धापा टाकून राहिली. मी वर्षानुवर्षं 'वाका रे, वाका' ओरडत होती, कोणाची कंबर वाकत नव्हती.

मी तिथंच नियम करून टाकला. उडी, घंटी, वाकून नमस्कार, मग पुढचा दिवा. नमस्कार चुकला तो बाद. पोट्टे एकेक करून बाहेर आले. भीमाबाईले कोणीतरी बोलावून आणलं, भांडण पाहायले मिळल म्हणून. ती कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. मी म्हटलं, बोल. पाय लागला तर पाया पडतात, यात दोष कुठं आहे? तवढ्यात तिचा पोट्टा अर्धाच वाकला, तर ती ओरडली, नीट वाक, हात टेकव, देवाले असा नमस्कार करतात का? आता ती रोज येते. मले घसा ताणायचं काम उरलं नाही.

आता सभेचं. बळीराम त्या दिवशी सभासदांले फुकट सिनेमा दाखवणार, मग लगेच ठराव. आमच्याकडे रात्री वीज जाते, ते त्याले ठाऊक आहे, म्हणून त्यानं सभा लवकर ठेवली. पण आधी नानाजीचं भाषण आहे. नानाजीचं भाषण मले ठाऊक आहे.

तू ये. हॉलच्या एकाही तारेले हात लाव म्हणणार नाही. माझा शब्द आहे. आपल्या फळ्यांवर लेकरं उड्या मारतात ते पाह्य, भाकर खा अन् जा.

रंभाबाई


नागपूर
२९ ऑक्टोबर १९८५

सत्यवती,

आशीर्वाद. रुपराव घरी पोचला असल, पण तो तुले धड काही सांगणार नाही. म्हणून मीच लिहून राहिली.

सभेले हॉल गच्च भरला. नानाजी उठले अन् बोलत सुटले. देश कुठं चालला, विज्ञान कुठं चाललं, आपण कुठं आहो. बळीराम घड्याळ पाहत होता, मामाच्या धोतराले मागून ओढत होता. नानाजीले वाटलं लोक खुश आहेत, ते अजून बोलले. शेवटी सिनेमा लागला. हिरोची गाडी स्टेशनात आली अन् तो उतरायच्या आत वीज गेली.

अंधारात एकच गलका झाला. नानाजी म्हणाले, सभा तहकूब, ठरावाचं आम्ही कमिटीत पाहून घेऊ. कमिटी म्हणजे ते अन् बळीराम. मी म्हटलं, सभा आत्ताच. दिवा आमच्याजवळ आहे. पोट्ट्यांनी अंधारातच सायकल अन् फळ्या आत ओढत आणल्या. पॅडल मारलं तर दिवा लागेना. ओढताना तार तुटली होती.

रुपराव दाराजवळच उभा होता, पळून जायच्या बेतानं. मी शब्द दिला होता, म्हणून बोलवलं नाही. फक्त म्हटलं, सायकल आहे गा, तुझ्या भाऊजीची सायकल.

लोक उठायले लागले. मग तो माझ्या बाजूनं गेला, खाली बसला अन् चाचपायले लागला. पंचफुलाले म्हणाला, पॅडल हातानं फिरव, हळू. पोट्टीनं फिरवलं. त्यानं दोन तारा धरून पिळल्या. फळी उजळली, अन् त्या उजेडात मले त्याचं तोंड दिसलं. सत्यवती, त्यानं तारा सोडल्या नाहीत. मग त्यानं हात जोडले. भीमाबाईनं जोडले. सांजेले दिवा लागला की जोडायचेच, तसे साऱ्या हॉलनं जोडले. बळीरामनं बी जोडले, त्याचे हात आपोआप उठले.

लेकरं खेळाले लागली. उडी, घंटी, नमस्कार. वामनराव चिटणीस म्हणाले, उजेड आहे तवर ठराव लिहून घेतो, पण उजेड कमी-जास्त होऊन राहिला. पॅडल मारणारा पोट्टा बी फळ्यांकडे पळाला होता. मी म्हटलं, नानाजी, तुम्ही अध्यक्ष आहात, दिवा तुम्हीच सांभाळा. लोक हसले. नाही म्हणायची सोय नव्हती. नानाजी धोतर खोचून सायकलवर बसले.

मी ठराव मांडला. संध्याकाळी हॉल अन् अंगण लेकरांच्या खेळाले, त्या वेळी टीव्ही बंद, व्हिडिओ नाही. भीमाबाईनं अनुमोदन दिलं. वामनराव विचारतात, अध्यक्षांचं काही म्हणणं? नानाजीले पुष्कळ म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण दम कुठं होता? बोलायले थांबले की दिवा जाये अन् सारा हॉल ओरडे, पॅडल, नानाजी, पॅडल. परत मारायले लागले की बोलता येईना. वामनरावानं लिहिलं, अध्यक्षांची हरकत नाही. हात वर झाले. सही नानाजीनं सायकलवर बसूनच केली. उतरल्यावर कंबर धरून पायरीवर बसले. दम खाल्ल्यावर मले हळूच विचारतात, रंभाबाई, हे तुमचं रोज किती वाजता असते?

अन् आता जे रुपराव तुले सांगणार नाही ते. लेकरं अजून खेळतच होती, तर वीज आली. सगळ्या ट्यूबलाईटा भकाभक लागल्या, टीव्ही आपोआप बोंबलायले लागला. त्या झगमगाटात फळ्यांचे दिवे दिसेनासे झाले. लेकरं कल्ला करायले लागली, बंद करा, बंद करा. बटणांची पाटी दाराजवळ आहे, अन् तिच्याजवळ रुपराव उभा. मी तोंड दाबून धरलं. मोठी बहीण आहे, शब्द दिला आहे.

त्यानं पाटीकडे पाहिलं. लेकरांकडे पाहिलं. पंचफुला एका पायावर उभी होती, दुसरा पाय हवेत, कोणती फळी लागली ते दिसत नव्हतं म्हणून. त्यानं हात वर केला अन् एकेक करून सगळी बटणं बंद केली.

बंद केली वं, लावली नाहीत. त्याच्याकडून लावून घेणं तुझ्याकडे. पण घाई करू नको.

तुझी
रंभाबाई